आमच्या ड्रॉइंगची फाईल कोण करणार?

आमच्या मुलुंडच्या कारखान्यातली जुनी माणसं कुणाच्या लग्नात भेटली, की जेवण राहतं बाजूला. एकाने नुसतं "तो टायवाला आठवतो?" म्हणायचं, की झालं सुरू! एकातून दुसरा किस्सा निघतो, हसून हसून डोळ्यांत पाणी येतं. पण खरं सांगू? तेव्हा कुणी हसत नव्हतं. तेव्हा आमची सगळ्यांची जाम टरकली होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जाड लोखंडी प्लेटी गॅसच्या टॉर्चने कापून भाग बनवायचे, हा आमचा धंदा. मालक रमणिकशेठ यांनी सीएनसी मशीन आणलं. म्हणजे टॉर्च माणसाने नाही फिरवायचा, कंप्युटरच्या फाईलप्रमाणे तो आपला आपण फिरणार. आता प्रश्न एकच: कागदावरच्या ड्रॉइंगची फाईल करून देणारं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? शेठनी तिघांना करून दाखवायला बोलावलं.

ड्रॉइंग ऑफिसात आम्ही दोघंच. हेड ड्राफ्ट्समन गावडेकाका, कणकवलीकडचे, आणि मी, ट्रेसर, म्हणजे त्यांची ड्रॉइंग गिरवून काढणारी. वडिलांची गिरणी बंद पडलेली, घर माझ्या पगारावर. शेठ 'सॉफ्टवेअर' म्हणाले, की मी पुढचा पगार किती दिवसांवर आहे ते मोजायचे.

*

कंप्युटर आला त्या दिवशी गावडेकाका नारळ घेऊन आले. चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि मालवणीत चक्क गाऱ्हाणं घातलं!

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो कंप्युटर हयसर इलो हा, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेणां कोणाच्या पोटार पाय देव नये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पहिल्या कंपनीचा सेल्समन तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला होता. टाय, सूटकेस, सगळं झकास. त्याला वाटलं, आपलं स्वागतच चाललंय. तोही हात जोडून जोरात म्हणाला, "होय महाराजा!"

*

पण हाच टायवाला अर्ध्या तासात शेठना काय म्हणाला माहितीये?

"सर, ये सॉफ्टवेअर लिया, तो ड्राफ्ट्समन की जरूरतही नहीं!"

आम्ही दोघं समोर उभे! काकांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

मग फ्लँज कापायला घेतला. म्हणजे लोखंडी चकती, मधोमध भोक. टॉर्चने भोक पाडायच्या आधीच बाहेरची गोल कड कापली. चकती प्लेटमधून सुटली, खाली सरकली, तिरकी झाली. मग टॉर्च आला भोक पाडायला, आणि भोक पडलं पार कडेला!

शेठ म्हणाले, "गावडे, असा कसा झाला?"

काका शांतपणे म्हणाले, "आधी लगीन लावलां, मगे मुंज करूक गेलो!"

*

दुसऱ्या कंपनीचे दोघं आले, ते इंग्रजीच बोलायचे. मशीनवर आमचा कांबळे होता. कुर्ल्याचा, तोंडाने फटकळ, पण मशीनपाशी एकदम सावध. त्याने टॉर्च पेटवला, प्लेट कापायला सुरुवात झाली. सरळ रेघ थांबायला हवी तिथे थांबेना. प्लेट संपली, तरी टॉर्च पुढेच! ज्वाळा तशीच फरफरतेय, गॅसची नळी ताणत चाललीय, आणि पलीकडे भिंतीला ऑक्सिजनचे सिलिंडर उभे!

"बंद कर! अरे बंद कर!" शेठ ओरडले आणि स्वतः टेबलामागे बसले.

कांबळेने धावत जाऊन लाल बटणावर थाप मारली. नळी तुटायचीच बाकी होती.

त्या दोघांतल्या एका साहेबांनी फाईल पाहिली. म्हणाले, "ओह! राँग युनिट! इंचेस, नॉट मिलिमीटर्स."

कांबळे घाम पुसत म्हणाला, "साहेब, तुमचं युनिट चुकलं, इथे आमची अख्खी युनियन गेली असती!"

*

तिसरा आला तो एकटाच. दिवेकर, घाटकोपरचा. चांगली नोकरी सोडून त्याने सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं होतं. बायकोचे दिवस भरत आलेले. तो आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला! फ्लॉपी आधी उलटीच घातली.

त्याचा प्रोग्राम प्रत्येक कटिंगआधी स्क्रीनवर विचारायचा, "आर यू शुअर?"

काकांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "काका, तो विचारतोय, खात्री आहे का?"

काकांनी एकदा शेठकडे पाहिलं, मग दिवेकरकडे, मग माझ्याकडे.

"खात्री? हयसर कोणाक आसा?"

*

मग शेठ म्हणाले, "गावडे, आता ड्रॉइंग तू दे. कठीणमधला कठीण."

काकांनी कोरा कागद घेतला, त्यावर डावा पंजा पसरला आणि उजव्या हाताने भोवती पेन्सिल फिरवली. "ह्यां काप."

मी तो कागद डिजिटायझरवर, म्हणजे रेघा कंप्युटरात उतरवणाऱ्या पाटीवर लावला आणि एकेका बोटाभोवती बटण दाबत बिंदू टिपले. नखापाशी आले की अंगावर शहारा यायचा. फाईल झाली. पण कांबळे टॉर्चपाशी हटून बसला.

"मी नाय पेटवणार. माणसाचा हात आहे यार तो!"

"पेटव रे," काका म्हणाले. "माजोच आसा."

टॉर्च पेटला. अंगठ्यापासून निघाला, बोटाबोटाच्या बेचक्यात वळला. दिवेकरने डोळे मिटून घेतले होते. मी काकांकडे बघत होते. त्यांनी डावा हात पाठीमागे धरला होता, मूठ घट्ट.

कांबळेने चिमट्याने तो लोखंडी पंजा उचलला, पाण्यात बुडवला, टेबलावर ठेवला. काकांनी त्यावर डावा हात टेकला. बोटावर बोट बसलं. इकडे नाही, तिकडे नाही.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"शेठ," ते म्हणाले, "उद्या हजेरीच्या मस्टरवर सही खयच्या हातान करू? माज्या, की ह्या लोखंडाच्या?"

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ज्या हाताने चाय पितो, त्या हाताने. कांबळे, चाय सांग!"