घंटेचे चार टोल

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तिने बावीस वर्षं काढली. तिथे सगळे तिला लॅबताई म्हणत. नोकरी सुटून चार वर्षं झाली तरी नाव काही सुटलं नाही. नवऱ्याची उजवी बाजू लुळी पडली तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत जी येऊन बसली, ती बसलीच. आठवड्यातून एकदा औषधं आणायला अर्धा तास बाहेर, तोही शेजारची शिवणवाली मावशी येऊन बसेल तेव्हा.

नवरा कारखान्यात टाइमकीपर होता. अंथरुणाला खिळला तरी वेळापत्रक त्याच्याच हातात. डाव्या हाताशी पितळी घंटा असे. एक टोल म्हणजे पाणी, दोन म्हणजे कुशीवर वळव, तीन म्हणजे लघवीचं भांडं. एकदा लॅबताईने दिवसभराचे टोल मोजायला घेतले. जेवणाआधीच चाळीस भरले, तेव्हा नाद सोडला.

अशात तिच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ही पूर्वी लॅबमध्येच होती, आता तिने खानावळ काढली होती.

"ताई, बावीस वर्षं जंतू वाढवलेस, आता माझ्यासाठी जरा बुरशी वाढव की!"

"शुद्धीवर आहेस ना?"

"टेंपे गं. उकडलेल्या सोयाबीनवर पांढरी बुरशी चढली की दाणे एकमेकांना धरून घट्ट वडी होते. गिऱ्हाईक मागतंय आणि इथे कुणाला जमत नाही. बुरशीची पूड पाठवते मी. जमलं तर दर गुरुवारी दहा वड्या घेऊन ये. बसू, चहा पिऊ."

लॅबताईने त्यातलं 'घेऊन ये' तेवढंच ऐकलं. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, मध्ये चहा. दर गुरुवारी दीड तास.

बुरशीसाठी उबेची पेटी करायला एक दुपार पुरली. औषधवाल्याकडून थर्माकोलचं खोकं आणलं. आत पंधरा वॅटचा दिवा, त्यावर डबे ठेवायची जाळी, आणि ठरावीक उष्णतेला दिवा आपोआप चालू-बंद करणारा छोटा थर्मोस्टॅट. त्याचे लाल आकडे खोक्याच्या बाहेर दिसत. स्वयंपाकघरात वारं फार, म्हणून पेटी ठेवली नवऱ्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर.

"आता माझ्या उशाशी बुरशी," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या अंगावर यायची ती पुरेशी आहे."

"तुमच्या अंगावर आली तर तीही विकीन."

पहिला घाणा पार फसला. सोयाबीन भिजवून, सालं चोळून काढून, उकडून, फडक्यावर कोरडं करून तिने थोडं व्हिनेगर आणि पूड लावली. पिशव्यांत भरून सुईने भोकं पाडली. सगळं काटेकोर. थर्मोस्टॅट मात्र हाताने आपसूक सदतीसवर नेला. बावीस वर्षं लॅबच्या जंतू वाढवायच्या पेटीचा आकडा तोच होता. वर झाकणाला सगळीकडून चिकटपट्टी. लॅबचा नियम: वेळेआधी दार उघडायचं नाही. दीड दिवसाने उघडलं तर आत करडा चिखल, आणि असा उग्र दर्प की टाइमकीपरने डाव्या हाताने नाक धरलं.

"सदतीस हा माणसाच्या अंगातल्या जंतूंचा आकडा गं," मैत्रीण फोनवर हसली. "हिला एकतीस. आणि श्वास घेऊ दे तिला! बारा-चौदा तासांनी ती स्वतःच तापायला लागते. तेव्हा झाकण उघडायचं, नाहीतर आपल्याच उष्णतेने मरते."

फोन ठेवल्यावर लॅबताई बराच वेळ त्या चिकटपट्टीकडे बघत बसली. मग ओरबाडून काढली.

मंगळवारी संध्याकाळी दुसरा घाणा लावला. बुधवारी सकाळी ती गॅलरीत चादरी पिळत होती. घंटा वाजली. एक, दोन, तीन. भांडं उचलून ती आत वळतेय तोवर चौथा टोल.

"चार म्हणजे काय आता? नवा कायदा?"

"ते बघ. दिवा बंद आहे आणि आकडा चढतोच आहे. छत्तीस झाले. तुझं कारटं पेटलंय!"

तिने धावत जाऊन झाकण काढलं. पिशव्यांवर वाफ धरली होती. पाच मिनिटांनी चौतीस, मग बत्तीस. टाइमकीपर मान वाकडी करून प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होता. चार वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज कारखान्यातल्यासारखा खणखणीत निघाला. त्या दिवशी पाण्याचा टोल फक्त तीनदा पडला.

गुरुवारी सकाळी दहा वड्या तयार. पांढऱ्याशुभ्र, कापसाच्या गादीसारख्या, बोटाने दाबल्या तरी हलत नव्हत्या. लॅबताईने पेटी धुऊन गॅलरीत उपडी घातली आणि इस्त्रीची साडी काढली.

"कशाला एवढा थाट?" टाइमकीपर छताकडे बघत म्हणाला. "मी काल फोन केला तुझ्या मैत्रिणीला. तिचा टेम्पोवाला दहाला खाली येतोय. दर गुरुवारी येईल. तुझी पायपीट वाचवली."

ती साडीची घडी हातात धरून उभी राहिली.

"मला विचारायचं तरी."

"त्यात विचारायचं काय? तुझ्याच भल्याचं."

तिने घडी बाजूला ठेवली. त्याला पाणी पाजलं, कुशीवर वळवलं, भांडं दिलं, मावशीला हाक मारून दारात बसवलं. साडी नेसली आणि वड्या घेऊन खाली उतरली. टेम्पोवाल्याला म्हणाली, "दादा, पुढे जागा आहे का? मी येते तुमच्याबरोबर."

"बसा की, ताई."

ती बसली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून घंटा ऐकू आली. एक. पाणी आत्ताच झालं. दोन. वळवलंय. तीन. तेही झालं.

चार.

पेटी तर रिकामी, गॅलरीत उपडी वाळत होती.

"वरून बोलावताहेत वाटतं," टेम्पोवाला म्हणाला.

"तुम्ही थांबा, मी आलेच." ती जिने चढून वर गेली. मावशीने खांदे उडवले. "मी विचारलं बाई, तर म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं."

"काय पेटलंय?" लॅबताईने दारातूनच विचारलं.

टाइमकीपरने डोळे मिटून घेतले. "काही नाही. पेटी रिकामी आहे ते ठाऊक आहे मला."

"मग?"

"भीती वाटली. तिला आपण आकडाच ठरवला नाही."

खाली हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. टेम्पोवाल्याला बाराच्या आत आणखी चार ठिकाणी माल पोचवायचा होता. ती खिडकीशी जाईतो टेम्पो वळला होता. तिची जागा रिकामी आणि वड्यांची पिशवी काचेशी.

ती पलंगाच्या कडेवर बसली, इस्त्रीच्या साडीसकट. त्याच्या हातातली घंटा काढून तिने स्टुलावर, पेटीच्या जागी ठेवली.

"पाच," ती म्हणाली. "भीतीचे पाच. पण गुरुवारी पाच टोल पडले तरी मी वर येणार नाही. दीड तासाने येईन."

"दीड तास?"

"दीड."

त्याने डावा हात घंटेकडे नेला, आणि अर्ध्यातून मागे घेतला. ती उठली, साडी बदलली आणि पुढच्या घाण्याचं सोयाबीन निवडायला घेतलं.