मॉस हिरवं झालं आणि मी घाबरले

पॉलीहाऊसचं दार उघडलं आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. पंखे बंद. बाजूचे पडदे बंद. आतला थर्मामीटर सत्तेचाळीसवर. एप्रिलची दुपार होती, आणि मी सकाळपासून मिरजेला एका लग्नात जिलेबी खात होते.

मी धावतच मागच्या बाकांपाशी गेले. तिथं मॉसचे चोवीस ट्रे होते. काल संध्याकाळी पोपटी असलेले ते ट्रे आता खवलेल्या नारळासारखे पांढरे पडले होते. एका काडीचं टोक चिमटीत धरलं, तर पापडासारखं मोडलं.

हे मॉस म्हणजे स्फॅग्नम. थंड, दलदलीच्या जागेतली वनस्पती. तिला मुळं नसतात. काडीच्या टोकाला झुबकेदार डोकं असतं आणि एरवी सगळी वाढ तिथून होते. ऑर्किडची रोपं आम्ही यात वाढवतो. वाळलेलं मॉस बाजारात हवं तेवढं मिळतं, जिवंत मिळायची मारामार. हे आम्ही एका डब्यापासून चार वर्षांत वाढवलेलं. आता कृष्णाकाठच्या उसाच्या गावात अशी थंडीची पाहुणी सांभाळायची तर पंखे अखंड चालू लागतात.

दाराशी हौसाबाई उभी होती. पॉलीहाऊसचं रोजचं काम तीच बघते. माण तालुक्यातल्या म्हसवडकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली.

"पडदे कुणी लावले?" मी विचारलं.

"मीच लावलं, मॅडम. अकराला लाईट गेली. झळा लय येत हुत्या. आमच्या माणात दुपारचं दार लावूनच घेत्यात. लेकरू, कोकरू, समदं आत."

मातीच्या घरात हे अगदी बरोबर. प्लॅस्टिकच्या घरात त्याचीच भट्टी होते. आणि हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. जनरेटर का चालला नाही ते बघायला मागे गेले. टाकीत डिझेल नव्हतं. ते बघायचं काम माझं. लग्नाच्या गडबडीत राहून गेलं होतं.

तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे मालक. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, पंधरा एकर ऊस. माझ्या भरवशावर त्यांनी हे पॉलीहाऊस उभं केलेलं.

"काय झालं?"

"लाईट गेली होती, आबा."

"आन् जनरेटर?"

"चालू झाला नाही."

खोटं बोलले नाही, पण खरंही पुरतं बोलले नाही. हौसाबाई खाली बघत राहिली.

"मॅडम, ह्ये गेलं तर मी पॉलीहाऊस उपटून ऊस लावतो. घरात आधीच बोलत्यात, म्हातारा शेवाळ पाळतोय म्हणून."

"सगळं गेलेलं नाही, आबा." मी एक काडी नखानं उभी चिरून दाखवली. डोकं मेलं होतं, पण खालचा देठ आतून हिरवट होता. "इथून बाजूला नवे कोंब फुटू शकतात. महिनाभर वाट बघावी लागेल."

"औषध काय मारायचं?"

"काही नाही. सावली, गारवा आणि क्षार नसलेलं पाणी."

"म्हंजे काय करायचंच न्हाई?"

पहाऱ्यावर झोपलेल्या जवानाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते निघून गेले.

आम्ही ट्रे जमिनीवर उतरवले. वर दुहेरी शेडनेट बांधली. बोअरचं पाणी खारट, ते मॉसला विष. म्हणून गावातल्या पाण्याच्या एटीएमवरून आरओचे जार आणायला लागलो. सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा, बाकी हात लावायचा नाही.

ते दिवस फार वाईट गेले. पॉलीहाऊस गेलं तर हौसाबाई परत उसाच्या भांगलणीला आणि मी परत खताच्या दुकानात नोकरीला. आबांचा फोन वाजला की त्यांना डिझेलचं कळलं असंच वाटायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

"मॅडम, पडद्याचं आबांना सांगू का?" हौसाबाईनं दोनदा विचारलं.

"गप्प बस," मी दोन्ही वेळा म्हणाले. तिची काळजी होती असं तेव्हा मला वाटायचं. खरं तर पडद्यांची गोष्ट निघाली असती तर डिझेलचीही निघाली असती.

दहाव्या दिवशी मी स्कूटी लावतेय तोवर आतून आबांची आरोळी आली. "मॅडम, या, या! हिरवं झालं!"

मी पळत गेले. खरंच बरेचसे ट्रे हिरवे झाले होते. गर्द, चकचकीत. हौसाबाईनं हात जोडले. मी बोट लावलं. बुळबुळीत. हौदाच्या कडेला धरते ना, ती बुळबुळ. मॉसचे कोंब दहा दिवसांत असे चादरीसारखे येत नाहीत. ही बुळबुळ पसरली की खालचा जिवंत देठही गुदमरतो.

पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारा पेनासारखा मीटर असतो. आमचं आरओचं पाणी तीसच्या आत दाखवायचं. ट्रेमधलं दाखवत होतं सहाशे. कुणीतरी खत घातलं होतं.

आणि मी वळले ती हौसाबाईकडं. याची आजही लाज वाटते.

"काय टाकलंस यात?"

"सिद्धनाथाची शपथ मॅडम, म्या काय बी न्हाई..."

आबा खाकरले. "तिला बोलू नका. मी टाकलाय. युरिया. चिमूट-चिमूटच. ऊस पिवळा पडला की आमी टाकतोच की. बघवंना झालं हुतं."

मग हौसाबाई म्हणाली, "आबा, त्या दिशी पडदं मी लावलं हुतं."

आता मागं राहणं मलाही जमेना. "जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आबा. बघायचं काम माझं होतं."

आबा ट्रेकडं वळले. आता ऊस, माझ्या मनात आलं.

"म्हंजे तिघांनी मिळून मारलं की वं ह्याला," ते म्हणाले. "आता सांगा, काय करायचं?"

"किती ट्रेमध्ये टाकलाय?"

"चार-पाच दिसांमागं सकाळी डावीकडनं सुरू केलं. सोळा झालं आन् तुमची स्कूटी वाजली."

राहिलेले आठ आम्ही लगेच वेगळे केले. युरिया पडलेल्या सोळांवर तिघं दिवसभर बसलो. बुळबुळीचा थर काढायचा, ट्रे तिरका करायचा, आरओचं पाणी सोडायचं, मीटर बघायचा, परत पाणी. सुभेदारसाहेब गुडघे दुखत असताना उकिडवे बसून जार ओतत होते.

त्या सोळांतून दोन ट्रेपुरत्या काड्या वाचल्या. ते आठ मात्र पाचव्या आठवड्यात फुटले. देठांच्या बाजूला मोहरीएवढे पोपटी ठिपके. हौसाबाईनं आधी बघितले आणि ती रडली. मीही रडले.

पॉलीहाऊस उभं आहे. उन्हानं चार तासांत जेवढं मॉस मारलं नाही, तेवढं आम्ही काळजी करून आणि गप्प राहून दहा दिवसांत मारलं. आता डिझेल रोज सकाळी मी स्वतः बघते. लाईट गेली की हौसाबाई आधी पडदे वर करते. आबा अजूनही दिवसातनं दोनदा येतात, पण दारातच विश्राममध्ये उभे राहतात, दोन्ही हात पाठीमागे धरून.