दर खोलीला नवी चिठ्ठी

डेझी मूळची वसईची, पण दुबई मरीनातल्या एका हॉटेलात चादरी ताणता ताणता तिची बावीस वर्षं सरली. आता जिना नुसता दिसला तरी गुडघे कुरकुरायचे. हॉटेलवाले म्हणाले, प्रोग्रामिंगचा कोर्स पास हो, ऑफिसात खुर्ची देतो. खुर्ची म्हटल्यावर डेझी कशाला मागे हटते!

परीक्षा शनिवारी. दहा खोल्यांची यादी कंप्युटरकडून काढून दाखवायची. क्लास तिने झटक्यात लिहिला. क्लास म्हणजे चिठ्ठीचा नमुना: खोलीचा नंबर, पाहुण्याचं नाव, उशा किती. अ‍ॅरे म्हणजे खणांची फळी, एका खणात एक चिठ्ठी. अशा फळ्या तिने जन्मभर भरल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी शारजातल्या अल मजाजच्या घरी तिने बटण दाबलं. दहाही खोल्यांत एकच पाहुणा, आणि प्रत्येक ठिकाणी सहा उशा!

लेक लॅरिसा खिदळली. "ममा, टेन रूम्स, वन गेस्ट! व्हेरी रिच मॅन!"

"हस, हस. उद्या नापास झाले तर तूच ये चादरी ताणायला."

"मूव्ह, आय विल फिक्स इट."

"हात लावू नको. पाहुणा माझा आहे."

चहाचा कप हातात धरून डेझी बघत बसली. शेवटच्या खोलीचाच पाहुणा सगळीकडे का? आणि तिला यम्ना आठवली. कामावर आलेली नवी पोरगी. पहिल्याच दिवशी एक प्लास्टिकची पाटी घेऊन फिरली. एका खोलीचं लिहायची, पुसायची, पुढच्या खोलीचं लिहायची. संध्याकाळी पाटीवर शेवटची खोली तेवढी उरली. दर खोलीला नवी चिठ्ठी घ्यायची, म्हणत डेझीनेच तिला फैलावर घेतलं होतं.

आणि आज बाईसाहेबांनी स्वतः काय केलं? खोल्यांचा फेरा, म्हणजे लूप, सुरू व्हायच्या आधी एकच चिठ्ठी काढली, दर खोलीला तीच पुसून लिहिली आणि दहाही खणांत तीच घातली. डेझीने नव्या चिठ्ठीची ओळ उचलून फेऱ्याच्या आत ठेवली. दहा खोल्या, दहा पाहुणे.

"खलास!" ती म्हणाली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

शनिवारी परीक्षा घेणाऱ्या उपेंद्र सरांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "ही आत का?"

डेझीने पाटीची गोष्ट सांगितली, वर आपली फजितीही. सर हसले. पास.

बाहेर पडताच तिने यम्नाला फोन लावला. "यल्ला, जल्दी आ, मिठाई खिलाती हूँ. तेरी वजह से कुर्सी मिली."

"मैंने क्या किया, मॅडम? मैंने तो डाँट खाई थी!"

"हाँ, वही डाँट मेरे काम आई."