खुर्चीच्या पाठीवरचा कलश

झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम संपला की वडशात मी रिकामाच. पडदे आणि सिंहासनं रंगवणारा माणूस उन्हाळाभर दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि कुरकुरतो. म्हणून ऊर्जानगरच्या एक निवृत्त शिक्षिका नाटकातलं माझं सिंहासन पाहून तशी थाटाची खुर्ची बनवून, रंगवून घ्यायला आल्या, तेव्हा मी घासाघीस न करता हो म्हटलं.

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. अमेरिकेत जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या मुलीनं तो पाठवला होता. दोनशे वर्षांपूर्वीची तिकडची काळी खुर्ची, तिच्यावर सोनेरी वेलपत्ती, वीणेसारखं ग्रीक वाद्य आणि पाठीवर मधोमध रोमन घडा. देश तेव्हा कोरा करकरीत, पण बसायला थाट हजारो वर्षांपूर्वीचा. मला हसू आलं. आपणही स्लॅबच्या घराला किल्ल्याची कमान लावतोच की.

"पोरगी सहा वर्षांनं पुढच्या महिन्यात येऊन राह्यली, तेही आठच दिवस," बाई म्हणाल्या. "तिच्या आवडीचं घरात दिसलं तर ती चार दिवस जास्त राहीन. हुबेहूब पायजे, भाऊ."

हुबेहूब म्हणजे माझ्या हातचा मळ. वेलपत्ती झाली, वाद्य झालं. घडा काढला, फोटोतल्यासारखं त्याच्या गळ्यात कापडही गुंडाळलं. खुर्ची बनवणारे सुतारचाचा पाहून थबकले.

"भाऊ, हे तर अस्थी ठेवाचं गाडगं दिसून राह्यलं. याले टेकून कोण बसन?"

झालं. मग मलाही दुसरं काही दिसेना. बाईंना न विचारता मी कापड पुसलं, आंब्याची पाच पानं काढली आणि वर नारळ ठेवून दिला.

रंग वाळेपर्यंत मुलगी येऊन पोचली होती. टेम्पोतून खुर्ची उतरवली आणि नारळ पाहून बाईंचा चेहरा पडला.

"हे काय केलं, भाऊ? तिले अस्सल काम कळते."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मुलगी मात्र खाली बसून कलशावरून बोट फिरवत राहिली.

"तिकडं अशी एकही नाई पाह्यली," ती म्हणाली. "आई, ही मी घेऊन जाईन."

मी फुगलो. पॅकिंगला फळ्या किती लागतील तेही सांगू लागलो. तेवढ्यात बाई पुढं आल्या, स्वतःच खुर्चीत बसल्या आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"खुर्ची कुठी नाई जात," त्या म्हणाल्या. "तुले बसावंसं वाटलं, तर तू येत जा."