खपल्यांचे आलू

त्या म्हातारीचा मला आधी रागच आला होता. कोराडीहून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये ती शेजारच्या बाकावर होती, मेथीची टोपली घेऊन. माझ्या मांडीवर आलूंची पिशवी. क्वार्टरमागच्या वाफ्यात पहिल्यांदाच लावलेले, अंगभर खपल्या घेऊनच निघालेले. शेजारी म्हणाला, "हे विष आहे." तोवर बायकोनं ते खाल्ले होते, आणि तिला सातवा महिना. आम्ही डॉक्टरकडे निघालो होतो. "पोटात दुखतं का?" मी पाचव्यांदा विचारलं. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

म्हातारीनं न विचारता पिशवीतला आलू उचलला, नखानं खरवडला.

"चुलीची राख टाकली होती का गा वाफ्यात?"

"हो, सूपभर. किडीसाठी."

"राखेनं अशीच खरूज येते सालीले." तिनं पदरानं पुसून कचकन चावा घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. "आत काही नाही गेलं. आतपर्यंत गेलं ते तुझं भेव."

उरलेला आलू तिनं बायकोपुढे धरला. "घे वं."

मी हात आडवा घातला. बायकोनं तो बाजूला सारला आणि माझ्याकडे रोखून बघत आलू चावला.