बोटं नसलेली भाकरी

करी रोडच्या पुलाजवळच्या पोळी-भाजी केंद्रात मी नऊ वर्षं भाकऱ्या करते. सकाळी पिठात घातलेला हात दुपारी दीडला बाहेर निघतो. ज्वारीच्या भाकऱ्या बारा महिने, बाजरीच्या थंडीत.

ज्वारी माझ्या माहेरची नाही. आम्ही कोकणातले. आमच्याकडे भाकरी तांदळाची, तीही पीठ आधणात उकडून. ज्वारीची शिकले लग्नानंतर, चाळीतल्या शेजारणीकडून. ती साताऱ्याकडची. थोडं थोडं पाणी घालत पीठ तळहाताने रगडायचं आणि परातीत थापत थापत गोल फिरवायचं. माझी भाकरी वर्षभर कडेला चिरत होती. शेजारीण म्हणायची, "अगं, कुणाची गाडी सुटतेय? रगड अजून."

दिवाळीनंतर तेच रगडणं होईना. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागायचा. डॉक्टर म्हणाले, हाताला विश्रांती द्या. ह्यांची नोकरी गेल्यापासून घर माझ्या भाकऱ्यांवर चालतं, विश्रांती कुठून देणार? केंद्राच्या मालकीणबाईंना, म्हणजे ताईंना, मी काहीच सांगितलं नाही. त्या वाईट नाहीत. पण भाकरी न करणाऱ्या भाकरीवालीला कोण ठेवेल?

मग मी एक केलं. ताई यायच्या आधी ज्वारीचं पीठ तांदळासारखं उकडून ठेवू लागले. उकड मऊ असते, फार रगडावी लागत नाही. थापण्याऐवजी लाटता येते; लाटणं नुसत्या तळव्यांनी फिरतं, अंगठ्यावर जोर येत नाही. भाकऱ्या गोल, एकसारख्या व्हायला लागल्या. ऑफिसातली मुलं तर मऊ आहेत म्हणून जास्त नेऊ लागली. आठवडाभर कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर एक दिवस आमचे रोजचे गिऱ्हाईक, एक काका, काउंटरवर थांबले. ते गिरणीतून कधीचे घरी बसलेले, साताऱ्याकडचेच. रोज दोन भाकऱ्या नेतात. त्यांनी तिथेच भाकरीचा कागद सोडला, भाकरी उजेडाकडे धरली आणि तुकडा मोडून तोंडात टाकला.

"ताई, बाई बदलली का वो?"

"नाही काका, त्याच मावशी आहेत."

"मग भाकरीची बोटं कुठं गेली?"

"बोटं?"

"थापल्याली असली म्हंजे बोटं उमटत्यात. ही लाटल्याली हाय. आन् पीठ उकडलंय. आमची जवारी पार कोकणी करून टाकली की!"

ताई हसल्या. "काका, उद्यापासून मावशींचा अंगठाच उमटवून देते भाकरीवर. मग तर झालं?"

मी तव्याकडे तोंड करून उभी होते. तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळलं नाही.

काका गेल्यावर ताई आत आल्या. उकडीचं पातेलं बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, हात दाखवा."

मी हात पदराखाली घेतला.

"मावशी."

दाखवला. अंगठ्याखाली चांगलीच सूज होती.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मला हे काकांकडून कळतंय?"

मी तव्याखालचा गॅस बंद केला. मग म्हटलं, "मला काढू नका." नऊ वर्षांत त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं.

त्यांनी करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली. म्हणाल्या, "लोकांना लाटलेल्या आवडतायत, त्याच करा. पण काकांच्या दोन थापायच्या. नाहीतर ते रोज येऊन माझं डोकं खातील."

काम टिकलं. आता आल्या आल्या आधी काकांच्या दोन करते, हात ताजा असतो तोवर. दुसरी थापताना कळ कोपरापर्यंत जाते. झाली की कडेकडेने बोटं जरा जास्तच दाबते, त्यांना दिसावीत म्हणून. काल भाकरी उजेडाकडे धरून ते म्हणाले, "आत्ता कशी!" मी मान हलवली आणि पुढचा गोळा लाटायला घेतला.

घरी महिनाभर भाकरी झालेली नाही. येताना पाव आणते. हे तो कालवणात बुडवून खातात.