पत्र्याचा डबा आणि काकांचा नेम

वणीत आजवर ज्यांनी ज्यांनी बंदूक हातात धरली असेल, त्या सगळ्यांत पक्ष्यांना सर्वांत कमी धोका आमच्या शेजारच्या काकांपासून होता. बंदूक छऱ्याची, पण काका ती तोफ असल्यासारखी सांभाळत. कोळसा खाणीच्या हजेरी ऑफिसात त्यांनी उभी नोकरी काढली, आणि निवृत्त होताच घरामागच्या चार पपया, एक सीताफळ आणि एक जुना कडूनिंब एवढ्या मुलखाचा कारभार हाती घेतला. सकाळी साडेसहाला बनियन, हाफपँट आणि डोक्याला दुपट्टा अशा वेषात ते खुर्ची टाकून बसत आणि आधी हजेरी घेत. "पोपट, आले. बुलबुल, आले. साळुंकी आज लेट." हजेरी झाल्याशिवाय गोळीबार नाही, असा नियम होता.

गोळीबारही पक्ष्यांवर नव्हताच. निंबाच्या खालच्या फांदीला त्यांनी तेलाचा रिकामा डबा टांगला होता. छर्रा डब्याला लागावा, टण्णकन आवाज व्हावा आणि पक्षी उडावेत, एवढाच बेत. "पाखराले मारायचं नसते, मास्तर. त्याले फक्त सांगायचं असते, का बा मालक घरी आहे," असं ते मला कंपाउंडवरून समजावत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला समजावून सांगण्यात त्यांना विशेष गोडी होती. अडचण एकच. काकांचा छर्रा डब्याला लागत नसे. तो भिंतीला लागे, पाण्याच्या टाकीला लागे, एकदा तर दोरीवर वाळत घातलेल्या काकूंच्या साडीतून आरपार गेला. पोपट मान वाकडी करून हा कार्यक्रम बघत आणि पपई खात राहत. "डब्याले मारून राह्यले का त्यायची करमणूक करून राह्यले?" काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारत. शेवटी काका उठत, चालत डब्यापाशी जात आणि बंदुकीच्या दस्त्यानं तो बडवत. मग पक्षी उडत. काका खुर्चीत परत येऊन घाम पुसत आणि म्हणत, "पाहा, कसे पळाले!"

या राज्यात एकाच पाखराला माफी होती. उन्हाळा लागला की निंबाच्या ढोलीत धनेशाची मादी बसे. ती ढोलीचं तोंड आतून लिंपून घेई, चोचीपुरती फट ठेवी, आणि नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून तिला भरवी. तो आला की काका बंदूक मांडीवर आडवी ठेवत आणि आवाज खाली आणत. "टिफिनवाला आला. पाहा, नवरा असा असते." त्यावर काकू म्हणत, "मले कोंडा खोलीत अन् तुमी आणा उंबरं. पाहू किती दिवस आणता."

सहा वर्षांपूर्वी एप्रिलात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काकूंसह नागपूरला गेले. जाताना बंदूक आणि छऱ्यांची डबी माझ्या हवाली केली. "सकाळ-संध्याकाळ डबा वाजवत जा. अन् लंब्या चोचीवाल्याले काही म्हणायचं नाही बरं, मास्तर. त्याच्या भरोशावर दोन जीव आहे की चार, आपल्याले काय माहीत!" मी हो म्हटलं.

माझा नेम चांगला निघाला. पहिल्या दिवशी पाचव्या छऱ्याला डबा वाजला, तिसऱ्या दिवशी तो प्रत्येक छऱ्याला वाजू लागला. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हात इतका अचूक चालण्याचा माझा हा पहिलाच अनुभव होता. चौथ्या दिवशी सकाळी नर ढोलीसमोरच्या फांदीवर बसला. चोचीत उंबर होतं. तो कोण आहे, हे मला ठाऊक होतं. आत कोण आहे, तेही ठाऊक होतं. त्याला मारणं कायद्यानं गुन्हा आहे, हे मी वर्गात शिकवलेलं होतं. ऊन, घाई, चुकून असं काही मी सांगू शकलो असतो, पण तसं काही नव्हतं. मला फक्त लागतं का ते पाहायचं होतं. लागलं. मी त्याला सीताफळाखाली पुरलं.

दुसऱ्याच दिवशी काका काळा चष्मा लावून परत आले. सांज व्हायच्या आत त्यांनी हजेरी घेतली. "कायची गडबड आहे, मास्तर? टिफिनवाला गैरहजर आहे." मी म्हणालो, "येईल." तो कसा येणार होता! रात्र उलटताच काकांनी शिडी मागवली. त्यांना चढायची मनाई होती, म्हणून ते शिडी धरून उभे राहिले आणि मी बांबूच्या चिरलेल्या काडीत उंबर अडकवून वर चढलो. पहिल्या दिवशी तिनं चोच बाहेर काढली नाही. "तुमच्यावर भरोसा नाही तिचा," काका खालून म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं घेतलं. पुढे तीन आठवडे, शाळेआधी आणि शाळेनंतर, मी उंबरं वाहत होतो आणि काका सूचना देत होते. "हळू! सासरी आल्यासारखे नका घाबरू!" मग ती लिंपण फोडून बाहेर आली, आणि जूनमध्ये तिचं एक पिल्लू उडालं.

काकांनी ही हकीकत कॉलनीभर केली. शाळेत पोहोचवली. मला शाल आणि नारळ मिळाला. काका पहिल्या रांगेत बसून एवढ्या जोरात टाळ्या वाजवत होते, की तशा डब्याजवळ वाजवल्या असत्या तर बंदूक लागलीच नसती. मी चार शब्द बोललो. ते कोणते, ते इथं लिहवत नाही. शाल कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

मग काका-काकू नागपूरला मुलीकडे राहायला गेले. घराची किल्ली आणि बंदूक माझ्याकडे राहिली. दर एप्रिलात फोन येई. "आली का ती?" मी म्हणे, "अजून नाही." यंदा त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं.

मग काकांनी विचारलं, "लागला तवा लगेच गेला का?"

"नाही, काका. अर्धा तास होता."

"पाणी पाजलं?"

"नाही."

मग काकूंचा आवाज आला. "काय बोलले मास्तर तुमी? हे तर उठून गॅलरीत जाऊन बसले."

चार दिवस फोन नाही. मी केला नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेसहाला वाजला.

"डबा आहे का अजून?"

"आहे, गंजलाय."

"जा बरं तिकडे. वाजवा. मले ऐकू द्या."

मी कंपाउंड ओलांडून गेलो. बंदूक घेतली नाही. हातातला फोन उंच धरला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीनं डबा ठोकला. आवाज पूर्वीइतका स्वच्छ आला नाही, तरी निंब एकदम रिकामा झाला.

"उडाले?"

"उडाले."

"बसा आता. परत येईस्तोवर मी फोन ठेवत नाही."

त्यांची खुर्ची अजून तिथंच आहे. मी तीत बसलो. ढोलीचं तोंड मोकळं होतं, उन्हात काळं दिसत होतं. तिकडून काकांचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं वरच्या फांदीवर काहीतरी हिरवं हललं.

"पोपट," मी म्हणालो.

"आले," काका म्हणाले.

मग आम्ही पुढच्याची वाट पाहत बसलो.